कऱ्हाडचा ‘ऱ’

विसर्जन होऊन तीन दिवस झाले होते. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत मंडपाचे वासे उतरवून भिंतीच्या कडेने रचून ठेवले होते, गटारीच्या काठाने गुलालाची ओळ अजून दिसत होती आणि देखाव्यासाठी भाड्याने आणलेला प्रोजेक्टर परत करायचा राहिल्यामुळे मंडळाच्या खोलीतच पडून होता. ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. रात्री साडेदहा वाजता, म्हणजे कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजलेले असताना, गल्लीतल्या मुलांनी त्याच प्रोजेक्टरवर ॲपलचा कार्यक्रम लावला. मी छापखान्याचे शटर ओढून घराकडे निघालो होतो. पुतण्याने खोलीच्या दारातूनच हाक मारली, “काका, या की आत. नवीन फोन दाखवायल्यात.” एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसलो.

खोलीत आठ-दहा जण होते. पुतण्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम लिहितो. त्याच्या शेजारी बसलेला त्याचा कन्नड मित्र लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करतो आणि बेळगावपासून गोकाकपर्यंतच्या सगळ्या कार्यालयांचे उजेड-अंधार त्याला पाठ आहेत. पलीकडच्या घरातली, अलीकडेच नोकरीला लागलेली मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आणि पुढच्याच खुर्चीत आमचे निवृत्त गुरुजी बसले होते. मोतीबिंदूच्या दोन शस्त्रक्रियांनंतर ते मोबाईल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून वाचतात. त्या तासा-सव्वातासात माझे लक्ष पडद्याकडे कमी आणि या माणसांच्या चेहऱ्यांकडे जास्त होते, हे मी मान्य करतो. एकच वस्तू, एकाच खोलीत, एकाच क्षणी पाहणाऱ्या माणसांपैकी एकाचा चेहरा उजळावा आणि दुसऱ्याचा मावळावा, असे का होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

साधा आयफोन १७ दाखवला तेव्हा पुतण्या खूश झाला. पडद्याची १२० हर्ट्झची गती, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलायची सोय, आतापर्यंत फक्त महागड्या प्रो फोनमध्ये मिळत असे, ती आता साध्या फोनमध्ये आली होती आणि साठवणही २५६ जीबीपासून सुरू होत होती. ८२,९०० रुपये ही किंमत ऐकून त्याने बोटांवर हप्त्यांचा हिशेब केला. प्रो फोनचा नारिंगी रंग पडद्यावर आला तेव्हा खोलीत एकच गलका झाला. पण त्याच गलक्यात मागून कुणीतरी विचारले, “काळा कुठं आहे?” आणि प्रोमध्ये काळा रंग नाहीच, हे कळल्यावर तो मुलगा पुढे फारसे बोलला नाही. व्हिडिओवाल्या मित्राला कॅमेऱ्याचे सगळे आवडले. मात्र २०२३ मध्ये मोठ्या अभिमानाने आणलेले टायटॅनियम जाऊन पुन्हा ॲल्युमिनियम का आले, हे त्याला पटेना. मग पुतण्याने त्याला धातू कसा उष्णता वाहून नेतो हे समजावले. कारखान्यात रोज धातू कापणाऱ्या माणसाचे बोलणे असल्यामुळे ते सगळ्यांनी शांतपणे ऐकले आणि मित्राचेही अर्धे समाधान झाले.

मग आयफोन एअर आला. जाडी ५.६ मिलिमीटर. पडद्यावर तो कडेने उभा धरून दाखवला तेव्हा दोघातिघांच्या तोंडून नकळत “बाप रे” निघाले. मागे एकच कॅमेरा आहे, बॅटरी दिवसभर पुरेल का, सिमकार्डाला जागाच नाही, किंमत १,१९,९०० रुपये, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. भिंतीला टेकलेली मुलगी इतका वेळ गप्प होती. तिच्या हातात आयफोन १३ मिनी होता. २०२१ साली आलेला, ५.४ इंची पडद्याचा हा फोन २०२३ मध्ये विक्रीतून गेला आणि त्यानंतर त्या मापाचा फोन कंपनीने काढला नाही. तिने तो जुन्या बाजारात मिळवला आहे आणि तळहाताच्या आत सहज मिटतो म्हणून जिवापाड जपला आहे. एअरचा पडदा साडेसहा इंची आहे हे ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, “बारीक केलाय. लहान नाही केला.”

त्या वाक्यात राग नव्हता. दरवर्षी ती हा कार्यक्रम एकाच आशेने पाहते, हे मला नंतर कळले. लोक ज्याला चाहत्यांची कुरकुर म्हणतात, तिच्यातला मोठा भाग असाच असतो, असे माझे मत आहे. ज्याला त्या वस्तूशी घेणेदेणे नाही, तो रात्री साडेदहाला जागत बसत नाही आणि त्याची निराशाही होत नाही.

आमच्या गावापुरता एक प्रसंग येथे नोंदवला पाहिजे. कानात घालायच्या एअरपॉड्स प्रो ३ मध्ये समोरच्याचे परभाषेतले बोलणे आपल्या भाषेत ऐकू येण्याची सोय दाखवली, तेव्हा खोलीत जी शांतता पसरली तशी त्या रात्री दुसऱ्या कशालाच पसरली नाही. व्हिडिओवाल्या मित्राने विचारले, “कन्नड-मराठी होतंय काय हे?” सुरुवातीच्या भाषा होत्या इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश. त्याला आणि पुतण्याला त्या यंत्राची गरज नाही. त्यांचे एक वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपते. पण गुरुजींनी मान वळवून त्या प्रश्नाकडे पाहिले. गुरुजींची पिढी कन्नडमधला कागद हातात आला की तो वाचून घेण्यासाठी शेजारच्या मुलाची वाट पाहते. माझ्या छापखान्यात दर हंगामात काही पत्रिका दोन्ही भाषांत निघतात आणि कन्नड बाजूचे प्रूफ मी एका स्नेह्याकडून तपासून घेतल्याशिवाय छपाईची प्लेट करायला देत नाही, कारण एका मात्रेने आजोबांचे नाव बदलते. अशा गावात तो प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. कंपनीने जगाला दाखवलेली वस्तू आपल्या उंबरठ्यापर्यंत येते की नाही, हे विचारायचा तो साधा मार्ग होता.

या कंपनीच्या चाहत्यांचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे, कारण मुद्रणाच्या धंद्यातली माझी पिढी ॲपलच्या मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, संगणकाचे नाव आदराने घेत मोठी झाली. ऑगस्ट १९९७ मध्ये बॉस्टनच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी मायक्रोसॉफ्ट कंपनी ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार असल्याचे जाहीर केले आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला, तेव्हा सभागृहातल्या चाहत्यांनी उघडपणे हुर्यो केली. कंपनी तोट्यात होती, तो पैसा आणि मॅकवर मायक्रोसॉफ्टची ‘ऑफिस’ ही सॉफ्टवेअर निघत राहतील हे आश्वासन या दोन्हींची तिला गरज होती. व्यवहार म्हणून पाहिले तर त्या दिवशी चाहते चुकले होते. पण वाईट दिवसांत आपला पैसा, आपले काम आणि आपली जिद्द त्या यंत्रामागे उभी करणारी तीच माणसे होती, आणि ज्याच्याशी आपण इतकी वर्षे झुंजलो त्याचा चेहरा आपल्याच मंचावर इतका मोठा दिसावा, हे त्यांना सोसले नाही. मला त्यांची ती हुर्यो समजते.

२००७ सालची गोष्ट याहून बोलकी आहे. पहिला आयफोन जूनअखेर विक्रीला आला, तेव्हा त्याच्या ८ जीबीच्या नगाची किंमत ५९९ डॉलर होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत, ती एकदम ३९९ वर आणली गेली. नव्या गिऱ्हाइकासाठी ही आनंदाची बातमी होती आणि पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्यांसाठी ती चपराक होती. सर्वांत जास्त विश्वास ज्यांनी टाकला, त्यांनाच सर्वांत जास्त भुर्दंड पडला. दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून त्या पहिल्या खरेदीदारांना कंपनीच्या दुकानात वापरता येतील असे १०० डॉलर देऊ केले. एकाच घोषणेने चाहत्यांचे दोन तट कसे पडतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग चाहत्यांचे म्हणणे केव्हा खरे मानावे? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड आला, तेव्हा अनेकांनी तो नुसता मोठा केलेला आयपॉड आहे, हा कोण घेणार, असे म्हटले. तो विक्रीला आल्यापासून ८० दिवसांत ३० लाख नग खपले. याउलट ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅकबुक प्रो लॅपटॉपमधून कॅमेऱ्याचे कार्ड घालायची खाच, मोठा पडदा जोडायची एचडीएमआयची जागा आणि चुंबकाने चिकटणारे चार्जर काढून वर स्पर्शाची पट्टी बसवली, तेव्हा छायाचित्रकार आणि व्हिडिओवाले कळवळून बोलले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, खाच परत आली, एचडीएमआय परत आले, चुंबकी चार्जर परत आले आणि त्या नव्या लॅपटॉपमधून स्पर्शपट्टी गेली. २०११ सालच्या फायनल कट प्रो टेन या ॲपलच्या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरचेही तेच झाले. एप्रिलमध्ये लास व्हेगासला त्याची झलक पाहून संकलकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. जूनमध्ये ते हाती आल्यावर जुन्या आवृत्तीतली कामे त्यात उघडत नाहीत आणि एकाच प्रसंगाचे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र जुळवायची सोय नाही, हे त्यांच्या लक्षात आले. ती सोय पुढल्या जानेवारीत द्यावी लागली. आमच्या व्हिडिओवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “अक्षता पडताना तीन कॅमेरे लागतातच की काका. ते जुळवता आलं नाही तर काय करायचं?”

त्याच्या या उत्तरातच मला माझे उत्तर सापडले. चाहता दुसऱ्यांच्या गरजेविषयी बोलतो तेव्हा तो बऱ्याचदा चुकतो. हे कोण घेणार, कोणाला लागणार, हे त्याला माहीत नसते. पण तो स्वतःच्या कामाविषयी बोलतो तेव्हा क्वचितच चुकतो. मला कार्डाची खाच लागते, मला तीन कॅमेरे जुळवावे लागतात, माझ्या मुठीत मोठा फोन मावत नाही, हे सांगणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तो अंदाज बांधत नसतो. मुख्य म्हणजे मंचावरून काय येणार हे दीड तास सांगितले जाते, आणि काय जाणार हे बहुतेक वेळा ज्याचे जाते त्यालाच शोधून काढावे लागते. सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढले, तेव्हा कंपनीचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी ते मंचावरून स्पष्टपणे सांगितले आणि जुने हेडफोन जोडायचे टोकही खोक्यात घालून दिले. लोक तरीही रागावले, पण निदान वस्तुस्थिती त्यांच्यासमोर ठेवली गेली होती. त्या प्रामाणिकपणाचे मोल मला मोठे वाटते.

मोठे वाटते, कारण मी स्वतः टाळ्या वाजवून घरी आलेला आणि मग हात चोळत बसलेला माणूस आहे. माझ्या वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापायचा, छापखाना होता. मी ट्रेडल या छपाईयंत्रावर पाय मारतच मोठा झालो आणि नव्वदीच्या मध्याला आमच्याकडे संगणक आला. त्या काळी मराठी अक्षरजुळणीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची सांकेतिक भाषा असे. एकाच्या फाँटमधला ‘ळ’ दुसऱ्याच्या फाँटमध्ये भलतेच अक्षर होऊन बसे. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा ठोकळा, लावावा लागे आणि तो हरवला तर सगळा धंदा थांबे. अशाच एका कंपनीचे सॉफ्टवेअर मी दहा वर्षे वापरले. माझ्या बोटांना त्याची कळपाटी इतकी सवयीची झाली होती की मी पत्रिकेचा मजकूर गिऱ्हाइकाशी बोलत बोलत बसवत असे. २००४ साली पुण्यात त्यांच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. मी रात्रीच्या गाडीने गेलो, दोनशे नवे फाँट पाहिले, अक्षरांच्या वळणांवर भाळलो, सगळ्यांबरोबर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि तिथेच आगाऊ पैसे भरले.

नवी आवृत्ती आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक जुनी पत्रिका उघडली. वधूचे माहेर कऱ्हाड. पडद्यावर आले ‘कर्हाड’. ‘ऱ’चा तो आडवा, पापणीसारखा अर्धा र नाहीसा होऊन ‘ह’च्या डोक्यावर रफार चढला होता. मग मी एकामागून एक फाइली उघडत गेलो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडी मंडळी, सुऱ्या, दोऱ्या, तऱ्हा, सगळीकडे तेच. ज्याला हे अक्षर लागत नाही त्याला यात काय बिघडले ते कळणार नाही. हिंदीत हा अर्धा र लागत नाही, मराठीला तो रोज लागतो. ‘आचार्य’चा आचाऱ्याला आणि ‘सूर्य’चा सुऱ्यांना फरक त्याच एका रेघेने पडतो. जगभरच्या लिप्यांसाठी संगणकात वापरतात त्या युनिकोड या सांकेतिक यादीत ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे ते उगाच नाही. मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने सभ्यपणे सांगितले की बहुतेक ग्राहकांना ही अडचण येत नाही. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्यांचे बहुतेक ग्राहक हिंदीचे असावेत. पण मी दहा वर्षांचा ग्राहक होतो, मी त्यांच्या सभागृहात टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्यांच्या दिवशी कुणीही मला सांगितले नव्हते की तुमची जुनी कामे यात नीट उघडणार नाहीत.

पुढची दोन वर्षे मी दोन संगणक शेजारी ठेवून काम केले. रात्री जेवण झाल्यावर जुन्या फाइली एक-एक करून नव्याने टाइप केल्या. सगळ्या होणे शक्य नव्हते. म्हणून तो जुना संगणक, त्याचा डोंगल आणि विंडोज ९८ मी आजतागायत जपले आहे. ब्रशने धूळ झाडतो आणि महिन्यातून एकदा तरी चालू करतो.

गुरुजींनी त्या रात्री शेवटी एकच गोष्ट विचारली. फोनच्या नव्या प्रणालीत पडद्यावरची बटणे काचेसारखी पारदर्शक होणार आहेत, हे जूनमध्येच जाहीर झाले होते आणि त्यावर अक्षरे नीट वाचता येतील का, अशी चर्चा जगभर चालू होती. “मागचं चित्र अक्षरातून दिसलं तर मी वाचणार कसा रे?” पुतण्याने त्यांचा फोन हातात घेतला आणि पारदर्शकपणा कमी करायची जागा सेटिंगमध्ये कुठे आहे ते दाखवले. गुरुजींनी ती जागा चार वेळा स्वतः शोधली, पाचव्या वेळी न चुकता सापडली, तेव्हा उठले. आदल्याच आठवड्यात ॲपलची दोन दुकाने उघडली होती, २ तारखेला बेंगळूरच्या हेब्बाळला आणि ४ तारखेला पुण्याच्या कोरेगाव पार्कात. आम्ही पुणे-बेंगळूर महामार्गावर, दोन्हींच्या मध्ये राहतो, त्यामुळे पुण्याला जायचे की बेंगळूरला, हा वाद आमच्याकडे कॉलेजपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत होतो. तो त्या रात्री फोनसाठीही झाला आणि साडेबारापर्यंत चालला.

दिवाळीनंतर एक जोडपे छापखान्यात आले. डिसेंबरात लग्नाला पंचवीस वर्षे होणार होती आणि मुलांना त्याच पत्रिकेसारखी पत्रिका हवी होती. मी वही काढून फाइलचा क्रमांक शोधला: डिसेंबर २०००. जुन्या संगणकाचे बटण दाबले. तो चालू व्हायला वेळ लागतो, म्हणून तोवर त्यांना चहा सांगितला. तेवढ्यात १३ मिनीवाली मुलगी कसली तरी झेरॉक्स काढायला आली आणि तो जाड काचेचा मॉनिटर उजळताना पाहून दारातच थांबली.

“हा अजून चालू ठेवलाय तुम्ही?”

“यात अजून बऱ्याच पत्रिका आहेत.”

“मी पण बॅटरी बदलून घेतली,” हातातला फोन दाखवत ती म्हणाली. “अजून दोन वर्षं काढीन.”

फाइल उघडली. मी बटर पेपरवर प्रत काढून तिच्या हातात दिली, कारण माझ्यापेक्षा तिचे डोळे तरुण आहेत आणि प्रूफ दुसऱ्याने वाचलेले बरे असते. तिने फोन टेबलावर ठेवला, कागद दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरला आणि वधूच्या माहेरापाशी येऊन सावकाश, एकेक अक्षर लावत वाचले, “कऱ्हाड.”